नर्सिंग स्टाफ टिकवायचा तर: बाँड घालून कोर्स, की वॉर्डातच शिकवणं?

छोट्या खासगी हॉस्पिटलात ट्रेनिंगच्या खर्चाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपण शिकवायचं आणि ती गल्फला जाणार!" मग मेट्रनसमोर दोन रस्ते उरतात.

पहिला, बाहेरचा कोर्स आणि सोबत बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरेन, असं लिहून देणं. आयसीयू, कॅज्युअल्टीला एसीएलएस (हृदय बंद पडलं तर पेशंटचा जीव वाचवण्याचं प्रगत ट्रेनिंग) हवंच. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड 2 वर्षं चालतं आणि दुसऱ्या हॉस्पिटलातही तितकंच चालतं, म्हणून मालकाला बाँड सुचतो. बाँड मुळातच बेकायदा, असं नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये 3 वर्षांची अट आणि 2 लाखांची भरपाई वैध ठरवली. मात्र ती सरकारी बँक होती. त्या निकालाच्या जोरावर फ्रेशरकडून वाटेल ती रक्कम लिहून घेऊ नये. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवणं तर नकोच.

मेयर आणि अ‍ॅलन या संशोधकांनी 1991 मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: राहावंसं वाटणं, राहणं भाग पडणं, राहिलं पाहिजे असं वाटणं. बाँडने हमखास मिळतो तो फक्त मधला. मुदत संपता संपता राजीनामा टेबलावर.

दुसरा रस्ता प्रिसेप्टरचा, म्हणजे नवीन सिस्टरला वॉर्डातच सोबत ठेवून शिकवणाऱ्या सीनियरचा. नवीन सिस्टर सुरुवातीचे काही आठवडे सीनियरबरोबर ड्युटी करते: इन्फ्युजन पंप लावणं, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली) तपासणं, हँडओव्हर, रात्री दोनला बीपी घसरलं तर डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगायचं. आपल्या चुकीवर कोणी ओरडण्याआधी शिकवलं, हे ती विसरत नाही. इथे फी नाही, पण फुकटही नाही. सीनियरकडे त्याच शिफ्टला पूर्ण पेशंट दिले तर प्रिसेप्टर फक्त ड्युटी चार्टवरच उरते.

(नाईट संपवून आलेल्या सिस्टरला सकाळी लेक्चरला बसवणं हा तिसरा प्रकार. रजिस्टरवर सह्या होतात, एनएबीएचची (हॉस्पिटलला गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेची) फाइल भरते, स्टाफ चिडतो.)

माझा कौल: आधी पैसा प्रिसेप्टरवर. आयसीयूचा कोर्स हॉस्पिटलच्या खर्चाने, ड्युटीच्या वेळेतच. बाँड घालायचाच तर थोड्या मुदतीचा, दर महिन्याला रक्कम कमी होत जाणारा. कोर्स करून आलेल्या सिस्टरला स्टाफ कमी म्हणून ओपीडीत फिरवू नका, आयसीयूचाच चार्ज आणि भत्ता द्या. आणि शेजारचं हॉस्पिटल पगारच बराच जास्त देत असेल, तर हे बजेट आधी आपल्या स्टाफच्या पगाराकडे वळवा.