दुसऱ्यासाठी शब्द टाकण्याची जागा : माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाचे परीक्षण

"तू बुधवारी माहीमला जातेस ना, मग आमच्यासाठीही एक शब्द टाक," असे शेजारच्या काकू मला जिन्यात म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना होत आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. काकू मालवणकडच्या. घरात गणपती, देव्हाऱ्यात कुलदैवत आणि तरीही माहीमच्या मातेवर, म्हणजे तेथल्या चर्चमधल्या येशूच्या आईवर, मारियेवर, त्यांचा पूर्ण भरवसा. मी मूळची वसईची कॅथलिक असले तरी दर बुधवारी माहीमला जाणाऱ्यांपैकी नव्हते. वर्षातून एकदोनदा, तेही कोणी सोबत असेल तर, एवढाच माझा परिपाठ होता. काकूंच्या शब्दाखातर मात्र मी सलग नऊ बुधवार पूर्ण केले. या परीक्षणाचा विषय ना ती वास्तू आहे ना कोणाची श्रद्धा; दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभे राहण्याची जी व्यवस्था तेथे पंचाहत्तरहून अधिक वर्षे चालत आली आहे, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

माहीमचे सेंट मायकल चर्च पोर्तुगीज काळातले, मुंबईतील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. आज दिसते ती इमारत मात्र १९७३ सालची आहे. बुधवारची नोव्हेना, म्हणजे मारियेकडे मध्यस्थी मागणारी ठरावीक प्रार्थनांची उपासना, येथे ८ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे पवित्र मारियेच्या जन्मदिनाच्या सणाला सुरू झाली. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे अशी उपासना पाहिली होती आणि परतल्यावर ती माहीमला आणली. 'नोव्हेना' या शब्दामागे लॅटिनमधला नऊचा आकडा आहे. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित, काही स्त्रिया आणि मारिया एकत्र जमून प्रार्थनेत राहिले, ते पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंतचे, नऊ दिवस हा या प्रथेचा मूळ धागा मानला जातो. माहीमला त्या दिवसांचे बुधवार झाले. नवस म्हणून नऊ बुधवार धरणारे पुष्कळ आहेत आणि नऊ संपले म्हणून येणे न थांबवणारेही तितकेच असावेत, असे गर्दीकडे पाहून वाटते. दर बुधवारी हजारोंच्या संख्येने लोक येतात, सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या भाषांतून उपासना चालते, आणि येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्यांचा भरणा मोठा असतो. मी शक्यतो मराठी नोव्हेना गाठत असे. ज्या आठवड्यांत कामामुळे ते जमले नाही, तेव्हा मिळेल त्या भाषेत उभी राहिले.

वेदीजवळच्या मातेच्या चित्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण या साऱ्या व्यवस्थेचा अर्थ त्या चित्रात आहे. मूळ चित्र रोममध्ये सेंट आल्फोन्सस चर्चमध्ये आहे. पोप नववे पायस यांनी १८६६ मध्ये ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या धर्मगुरूंच्या हवाली केले आणि त्यांच्यामार्फत त्याच्या प्रती जगभर पोहोचल्या. वरच्या दोन्ही बाजूंना मायकल आणि गॅब्रिएल हे देवदूत क्रूस, भाला आणि बोळा घेऊन उभे आहेत. पुढे येणाऱ्या दुःखाची ती साधने पाहून घाबरलेला बालयेशू आईकडे धावत आला आहे आणि त्या धांदलीत त्याच्या एका पायातली चप्पल निसटून लोंबते आहे. आईने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आहेत, पण तिची नजर त्याच्याकडे नाही. ती चित्राबाहेर, समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहते. लहानपणापासून हे चित्र आमच्या घरात होते आणि ती लोंबणारी चप्पल मला या नऊ आठवड्यांत पहिल्यांदा नीट दिसली.

उपासनेचे स्वरूप साधे आहे. गीत, नोव्हेनाच्या ठरावीक प्रार्थना, विनंत्या, आभार, छोटे प्रवचन, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद आणि शेवटी पवित्र साक्रामेंताचा (ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा) आशीर्वाद, असा साधारण क्रम असतो. ज्याला आपली विनंती लेखी द्यायची असेल तो चिठ्ठी लिहून पेटीत टाकतो. ज्याची विनंती मान्य झाली असे त्याला वाटते तो आभाराचे पत्र लिहितो आणि अशी काही पत्रे नाव न घेता वाचून दाखवली जातात. नोकरी, परीक्षा, मूलबाळ, घराचा ताबा, परदेशचा व्हिसा, दारू सुटणे, गाठ साधी निघणे, असे मुंबईच्या संसाराचे सगळे प्रकार त्यांत येतात. एखादे पत्र ऐकताना पुढच्या बाकावरची परकी बाई पदराने डोळे पुसते, तेव्हा ते पत्र तिचे आहे की तिला त्यात आपले काही दिसले, हे कळत नाही आणि कळण्याचे कारणही नसते. मेणाचे हात, पाय, घरे आणि बाळे विकणारे बाहेर बसलेले असतात. मी काकूंच्या यजमानांसाठी मेणाचा हात घ्यावा की नाही या विचारात दोन आठवडे घालवले आणि अखेर साधी मेणबत्ती घेतली. हात वाहिला असता तर विनंती फक्त हाताची झाली असती, असे काहीसे मनात आले असावे.

काकूंनी वापरलेला 'शब्द टाकणे' हा वाक्प्रचार मला मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी फार नेमका वाटतो, मात्र त्याच्याच शेजारी 'वशिला' हा शब्द उभा आहे आणि दोन्हींतली सीमारेषा माहीमच्या आवारात सतत पुसट होत असते. साहेब आपले ऐकणार नाही, पण त्याच्या आईचे ऐकेल, अशी ही रचना आहे असे अनेकांना, अगदी आमच्यातल्याही अनेकांना, मनापासून वाटते. माझा एक अहमदनगरकडचा प्रोटेस्टंट मित्र याच मुद्द्यावर मला नेहमी अडवतो. देव आणि माणसे यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, असे बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, स्वच्छ लिहिले असताना मधे ही आणखी एक पायरी कशाला, असे तो विचारतो. त्याला मी देते ते उत्तर असे की, ज्या अध्यायात पौल हे लिहितो त्याच अध्यायाच्या आरंभी तो सर्व माणसांसाठी विनंत्या आणि प्रार्थना करण्यास सांगतो. एक माणूस दुसऱ्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा तो ख्रिस्ताची जागा घेत नाही, तर ख्रिस्ताच्या त्या कामात सामील होतो; आणि जे काम मी काकूंसाठी करू शकते ते मारिया करू शकत नाही, असे मानायला मला कारण दिसत नाही. मित्राला हे पटलेले नाही. पण त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यानेच मला प्रार्थना करायला फोन केला होता, हेही येथे नोंदवून ठेवते.

वशिला आणि मध्यस्थी यांतला फरक मला स्वतःला बायबलमधल्या काना गावच्या लग्नाच्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसतो. द्राक्षारस संपला तेव्हा मारियेने येशूला एवढेच सांगितले की, त्यांच्याजवळ द्राक्षारस उरलेला नाही. काय करावे, केव्हा करावे, किती करावे, यांतले काहीही ती सांगत नाही. दुसऱ्याच्या घरची उणीव ती पाहते, ती योग्य ठिकाणी बोलून दाखवते आणि मग नोकरांकडे वळून तो सांगेल तसे करा म्हणते. वशिला लावणारा निकाल आधीच ठरवून आलेला असतो. पहिल्या बुधवारी मी लिहिलेली चिठ्ठी या कसोटीवर अगदीच वशिल्याची होती, कारण तीत उजवा हात, उजवा पाय, वाचा, असा क्रम लावून मी मागण्यांची यादीच केली होती. पाचव्या बुधवारी माझ्या चिठ्ठीत काकांचे पहिले नाव आणि 'ते आजारी आहेत, काकू थकल्या आहेत' एवढेच राहिले होते. काकू थकल्या आहेत हे पहिल्या चार आठवड्यांत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

तुलनेसाठी दुसऱ्या एका सेवेचा अनुभव सांगते, तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. नऊ बुधवार चालू असतानाच एका परिचितांच्या आग्रहावरून मी फोनवरून प्रार्थना करून देणाऱ्या एका गटाकडे काकांसाठी विनंती नोंदवली. सुरुवात चांगली झाली; बोलणाऱ्या ताई मृदू होत्या आणि त्यांनी फोनवरच प्रार्थना केली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ठरावीक साच्यातले संदेश येऊ लागले, त्यांत रुग्णाचे नाव दोनदा चुकले, आणि आठवड्याच्या आत 'विश्वासाचे बीज' म्हणून काही रक्कम पाठवल्यास उत्तर लवकर मिळेल, असे सुचवण्यात आले. सुधारणा नाही असे मी कळवल्यावर, घरात कोणाचा विश्वास कमी पडतो आहे याचा शोध घ्या, असा सल्ला मिळाला. ज्या घरात रात्री दोनदा उठून काका कुशीवर वळवले जातात त्या घराला हा निरोप पोहोचवण्याचे काम मी केले नाही. कफर्णहूमच्या घरात चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा येशूने आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असे शुभवर्तमान सांगते. बाजेवरच्या माणसाची परीक्षा आधी कोणी घेतली नाही. मध्यस्थीचा सगळा अर्थच असा आहे की, ज्याला चालता येत नाही त्याच्या वाटचे चालणे दुसऱ्याने करायचे.

आता सेवेच्या परीक्षणात जो प्रश्न टाळता येणार नाही तो म्हणजे, याचा उपयोग होतो का. अमेरिकेत या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, असे सांगितलेल्या दोन गटांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे असे ज्यांना माहीत होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. श्रद्धावंतांनी हा अभ्यास लपवू नये आणि त्याला घाबरूही नये, असे माझे मत आहे. त्यात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिलेले होते, वाक्य ठरवून दिलेले होते, मुदत १४ दिवसांची होती, आणि घरचे लोक आपापल्या परीने प्रार्थना करतच होते, त्यांना कोणी थांबवलेले नव्हते. मोजमापाच्या दृष्टीने ही रचना शिस्तशीर आहे, पण काकूंनी जिन्यात माझा हात धरून जे मागितले ते या रचनेत बसत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आभाराची पत्रे वाचण्याच्या प्रथेत, ती कुठेही असो, फक्त मान्य झालेल्या विनंत्याच ऐकू येतात. ज्यांचा माणूस गेला ते पत्र लिहीत नाहीत. शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तेथे 'माझे काम झाले' हे मोठ्याने सांगताना थोडा संकोच ठेवावा, असे मला वाटते.

माझ्यापुरता झालेला उपयोग मी सांगू शकते. नऊ आठवडे दुसऱ्याचे नाव घेऊन उभे राहायचे म्हटले की आदल्या दिवशी त्या घरी जाऊन विचारपूस करावीच लागते, नाहीतर चिठ्ठीत लिहायचे काय. मंगळवारी संध्याकाळी काकूंकडे जाण्याचा त्यामुळे पायंडा पडला. सहाव्या मंगळवारी मी काकांपाशी तासभर बसले आणि काकू महिन्यांनंतर प्रथमच केस कापायला व भाजी आणायला एकट्या बाहेर पडल्या. प्रार्थनेतून हे निष्पन्न झाले की प्रार्थनेच्या निमित्ताने, या वादात मला रस नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी, फार दुःख भोगलेल्या ईयोबाचे दिवस पालटले ते त्याने आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर, असे म्हटले आहे. त्याच मित्रांनी त्याआधी त्याला बोलून बोलून हैराण केले होते. हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, पण दुसऱ्यासाठी उभे राहिल्यावर आपल्या गाऱ्हाण्यांचा आवाज कसा खाली येतो, याचा अनुभव नव्हता.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. चर्च लेडी जमशेटजी मार्गावर, माहीम कॉजवेच्या अलीकडे आहे. ज्या बाईंचे नाव त्या रस्त्याला आहे त्यांनी लोकांचे खाडी ओलांडताना होणारे हाल पाहून कॉजवेच्या बांधकामासाठी १,५७,००० रुपये दिले आणि तो १८४५ मध्ये खुला झाला, हे तिथून जाताना आठवले तर आठवावे. बुधवारी त्या भागात वाहतूक मंद असते, म्हणून गाडी न नेता लोकलने माहीम किंवा वांद्र्याला उतरून पुढे जाणे बरे. वृद्धांना न्यायचे असल्यास संध्याकाळची, कामावरून सुटलेल्यांची वेळ टाळावी. आत जागा न मिळाल्यास बाहेर उभे राहूनही उपासनेत भाग घेता येतो, मी तीनदा तसाच घेतला. दुसऱ्यासाठी चिठ्ठी लिहिताना पूर्ण नाव, पत्ता आणि आजाराचा तपशील लिहू नये. पहिले नाव पुरते, आणि ज्याच्यासाठी लिहितो आहोत त्याच्या घरच्यांना आधी विचारलेले असावे.

काकांची वाचा परतलेली नाही. दोन-तीन शब्द येतात, त्यांचे श्रेय आठवड्यातून तीनदा येणाऱ्या उपचारतज्ज्ञ मुलीला आहे, आणि उजवा हात खांद्यापर्यंत उचलता येतो. नवव्या बुधवारनंतर आभाराचे पत्र लिहावे की नाही हे मी काकूंनाच विचारले. त्या म्हणाल्या की, बरे झाले असे लिहू नकोस, ते खोटे ठरेल. आमच्यासाठी कोणीतरी नऊ वेळा रांगेत उभे राहिले, एवढे लिही. पत्र त्यांनी सांगितले तसेच लिहिले, खाली त्यांनी मालवणी वळणाच्या अक्षरात आपले पहिले नाव घातले, आणि दहाव्या बुधवारी ते पेटीत टाकायला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या.