ब्रॉयलरच्या आतड्यासाठी कोणते पूरक घ्यावे? विकरे, प्रोबायोटिक, आम्ले आणि वनस्पतिजन्य अर्क यांची तुलना

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या, उत्पादन खर्चात साधारणपणे ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो आणि त्या खाद्यापैकी किती अंगी लागणार, हे आतडे ठरवते. पूर्वी या कामासाठी प्रतिजैविकांचे लहान डोस सर्रास खाद्यातून दिले जात. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्णपणे बंद केले. त्यांची जागा घेऊ पाहणारे चार प्रमुख गट म्हणजे विकरे, प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू), सेंद्रिय आम्ले आणि वनस्पतिजन्य अर्क. ही पूरके एकमेकांना पर्याय असल्यासारखी विकली जातात. प्रत्यक्षात त्यांचे काम करण्याचे ठिकाण आणि वेळ वेगवेगळी आहे, त्यामुळे आपल्या शेडमधली अडचण नेमकी कुठे आहे हे पाहिल्याशिवाय केलेली निवड बहुधा वाया जाते.

विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा, हिशेब सर्वांत स्वच्छ मांडता येतो. गहू किंवा बार्ली जास्त असलेल्या खाद्यात विरघळणारे तंतू आतड्यातील द्रव चिकट करतात, पचन मंदावते आणि विष्ठा चिकट होऊन गादी (शेडच्या जमिनीवर पसरलेला भुसा किंवा तूस) ओली राहते; अशा ठिकाणी गव्हासाठी झायलॅनेज आणि बार्लीसाठी बीटा-ग्लुकॅनेज यांचा परिणाम ठळकपणे दिसतो. मका-सोयाबीनच्या खाद्यात हा चिकटपणा मुळातच कमी असल्याने तेथे तेवढ्या फरकाची अपेक्षा धरू नये. फायटेज हे विकर मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते, कारण धान्यातील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो कोंबडीला स्वतःच्या बळावर फारसा मोकळा करता येत नाही. येथे एक चूक वारंवार होते: फायटेज घातले जाते, पण खाद्यसूत्रातील डीसीपी (फॉस्फरससाठी घातले जाणारे डायकॅल्शियम फॉस्फेट) मात्र तेवढेच ठेवले जाते. मग बचत कशातून होणार? शिवाय गोळी खाद्य तयार होताना तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणून विकर उष्णता सहन करणारे आहे की गोळी झाल्यावर फवारायचे आहे, हे खाद्य बनवणाऱ्याकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

प्रोबायोटिकमागची कल्पना वेगळी आहे. हॅचरीतून आलेल्या पिल्लाने आईला कधी पाहिलेले नसते, त्यामुळे तिच्या विष्ठेतून मिळणारे उपयुक्त जिवाणूही त्याला मिळत नाहीत. मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू एक दिवसाच्या पिल्लाला दिल्यास साल्मोनेलापासून संरक्षण मिळते, हे फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवले. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, प्रोबायोटिकचे खरे मोल पहिल्या काही दिवसांत आणि प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यानंतर असते. तो कोर्स चालू असताना दिलेले जिवाणू बहुतांशी त्या औषधानेच मरतात. दोन, जिवाणू जिवंत पोहोचले पाहिजेत. लॅक्टोबॅसिलस उष्णतेत आणि क्लोरिनयुक्त पाण्यात टिकत नाही, तर बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचे बीजाणू गोळी खाद्याची उष्णताही सोसतात. म्हणून खाद्यातून द्यायचे असल्यास बॅसिलसच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटावर केवळ 'उपयुक्त जिवाणू' असे लिहिलेले असेल आणि वाणाचे नाव व दर ग्रॅममधील जिवंत संख्या नसेल, तर ते पाकीट परत ठेवावे. यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळणारे मॅनन-ऑलिगोसॅकराइड हे जिवंत नसल्याने साठवायला सोपे असते; ते ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना आतड्याच्या भिंतीला चिकटू न देता बाहेर काढण्यास मदत करते.

सेंद्रिय आम्लांबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतात. फॉर्मिक किंवा प्रोपिऑनिक आम्ल जिवाणूच्या पेशीत शिरते ते अविघटित (आयनांत न फुटलेल्या) रूपात, आणि ते रूप आम्लधर्मी माध्यमातच टिकते. त्यामुळे या आम्लांचे काम पाण्याची लाइन, गळ्याखालची अन्नपिशवी आणि पेषणी (दाणे दळणारे स्नायुमय जठर) येथपर्यंतच चांगले चालते. पुढे लहान आतड्यात सामू (पीएच) ६ च्या आसपास किंवा वर गेला की त्यांचा जोर ओसरतो. खालच्या आतड्यासाठी ब्युटिरिक आम्ल उपयोगी आहे, कारण आतड्याच्या पेशी ते थेट ऊर्जा म्हणून वापरतात. मात्र ते आवरणयुक्त नसेल तर तिथवर पोहोचण्याआधीच शोषले जाते. पाण्यातून आम्ल देताना लेबलवरील मिलिलिटरपेक्षा सामू मोजण्याच्या यंत्रावर विश्वास ठेवावा, कारण जड पाण्याला तोच सामू गाठण्यासाठी अधिक आम्ल लागते. सामू ४ च्या खाली गेला तर पक्षी पाणी कमी पितात आणि पाणी कमी प्यायले की खाद्यही कमी खातात. सौम्य आम्ल सतत दिल्यास काही वेळा लाइनमध्ये बुरशीचा बुळबुळीत थर वाढतो: पिण्याचे निपल काढून बोट फिरवले की तो लगेच हाताला लागतो. पाण्यातून लस द्यायच्या किमान एक दिवस आधी आम्ल आणि क्लोरिन दोन्ही थांबवावेत.

वनस्पतिजन्य अर्कांत ओव्याच्या जातीच्या वनस्पतींतील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड हे मुख्य घटक आहेत. प्रयोगशाळेत ते जिवाणूंवर निश्चित परिणाम करतात, पण वनस्पतीचे वाण, हंगाम आणि अर्क काढण्याची पद्धत यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. घटकाची टक्केवारी न छापलेले उत्पादन तुलनेसाठीही धरू नये.

यांपैकी एकही पूरक रक्ती हगवणीवरील औषधाची किंवा लसीची जागा घेत नाही. या हगवणीच्या आयमेरिया या परजीवीने आतड्याचे अस्तर फाडले की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या रोगकारक जिवाणूला आयती संधी मिळते, आणि तेव्हा पूरकांचा डोस वाढवण्यात अर्थ नसतो. त्याचप्रमाणे, मूठभर गादी दाबल्यावर तिचा घट्ट गोळा तसाच राहत असेल, किंवा पिल्ले आल्यानंतर २४ तासांनीही अनेकांची अन्नपिशवी रिकामी लागत असेल, तर पहिला खर्च वायुवीजन, ड्रिंकरची उंची आणि ब्रूडिंग (पिल्लांना सुरुवातीला ऊब देणे) यांवर करावा.

हे सर्व ठीक असेल तर माझा क्रम असा राहील: खाद्य स्वतः बनवत असाल तर आधी धान्याला जुळणारे विकर आणि त्याप्रमाणे बदललेले सूत्र, पाण्यात जिवाणू आढळत असतील किंवा अन्नपिशवीपासूनच त्रास सुरू होत असेल तर पाण्यातून आम्ल, वारंवार प्रतिजैविक द्यावे लागत असेल तर खाद्यातून बॅसिलस, आणि अर्क सर्वांत शेवटी. तयार खाद्य घेणाऱ्याने मात्र त्यात आधीपासून काय मिसळले आहे हे विचारावे, कारण त्यात बहुधा विकरे असतातच.

एका वेळी एकच पूरक बदलावे. एकाच हॅचची पिल्ले एकाच शेडच्या दोन भागांत ठेवावीत, खाद्य आणि पिल्लांची घनता सारखी असावी, आणि ७ व्या दिवशी, २१ व्या दिवशी व विक्रीच्या वेळी दोन्हीकडचे वजन घ्यावे. एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेले खाद्य) काढताना मेलेल्या पक्ष्यांचे वजनही धरावे, अन्यथा ज्या बाजूला मर जास्त तिचा आकडा उगाच वाईट दिसतो. असे किमान दोन बॅच करावेत आणि दुसऱ्या बॅचला बाजूंची अदलाबदल करावी, कारण बऱ्याच शेडमध्ये पंख्याकडची बाजू काहीही न देतासुद्धा वेगळी वाढते.