‘विचक्राफ्ट’ : आपल्या हवाई दलात राहिलेल्या लिबरेटरमधील अर्धा तास

अमेरिकेत जुनी विमाने जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेच्या ‘विचक्राफ्ट’ या बी-२४ लिबरेटर बॉम्बरमधून २०१७ साली मी अर्ध्या तासाची फेरी केली. तिकीट सुमारे ४५० डॉलरचे होते. रक्कम मोठी खरी. पण १९४४ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे बांधलेले हे विमान दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातच राहिले आणि १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात होते, हे ठाऊक असल्यामुळे मला ती जड वाटली नाही. ब्रिटिश हवाई दलाने परत जाताना कानपूरला सोडलेली लिबरेटर विमाने कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड करण्यात आली होती. तशाही अवस्थेत हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि तेथे ती दुरुस्त झाली. पुढे हवाई दलाची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्याहून याच जातीच्या विमानांतून सागरी टेहळणी करीत असे.

उड्डाणाआधी कर्मचारी चारही पंखे हाताने फिरवतात, कारण उभ्या विमानात इंजिनांच्या खालच्या सिलिंडरांमध्ये तेल उतरलेले असते आणि तसेच इंजिन चालू केल्यास ते मोडू शकते. नंतर प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची इंजिने धूर सोडत एकेक करून सुरू होतात, आणि त्यानंतर शेजाऱ्याशी खुणांनीच बोलावे लागते. प्रवाशांनी विमानाच्या तळावरच पट्टा बांधून बसायचे असे.

विमान स्थिरावल्यावर आत हिंडण्याची मुभा मिळे, आणि या फेरीचे खरे मोल मला तेथेच कळले. मागच्या भागातून पुढे जायचे तर बॉम्बच्या कप्प्यातून गेलेल्या, जेमतेम वीतभर रुंदीच्या पट्टीवरून चालावे लागते. दोन्ही बाजूंना दुकानाच्या शटरसारखी वर सरकणारी पातळ दारे असून ती माणसाचे वजन पेलत नाहीत. मी साध्या शर्टात, दोन्ही हातांनी आधार धरून, पाऊल जपून टाकत गेलो. ज्यांनी युद्धात ही पट्टी ओलांडली ते जाड कपड्यांत, ऑक्सिजनची बाटली सांभाळत, शून्याखाली ४० अंशांच्या थंडीत जात असत, आणि त्यांतील बहुतेक विशी-पंचविशीतले होते. ती पट्टी ओलांडताना मला त्यांच्याविषयी जे वाटले, ते कोणत्याही छायाचित्राने वाटले नव्हते.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आतील रांगणे झेपणार नाही, असे मी तेव्हा अनेकांना सांगत असे. आता तो प्रश्न उरलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच संस्थेचे बी-१७ विमान कोसळून सात जण दगावले आणि मार्च २०२० मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. मला त्या फेरीची फार आठवण येते, तरीही तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. लिबरेटर प्रत्यक्ष पाहायचे असल्यास दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उभे आहे. तेथे गेल्यावर वाकून त्याच्या पोटाची ती शटरसारखी दारे अवश्य पाहावीत.