पोळ्याच्या पटातले बैल कशावर पळवावेत : बीओ मोटर की स्टेपर?

जत्रेतला घोड्यांच्या शर्यतीचा खेळ तुम्ही पाहिलाच असेल. चढत्या फळीवर चेंडू लोटायचा, तो ज्या भोकात पडेल तितके गुण, आणि तितकाच समोरचा घोडा पुढे. आमच्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात त्या सणाच्या आनंदमेळ्यात हा खेळ मांडायचा म्हटल्यावर घोड्यांच्या जागी लाकडी बैल येणार हे ठरलेलंच, आणि बैल आले की नाव शंकरपटच, म्हणजे बैलांची शर्यत. पाटी, झूल, रंगरंगोटी हे सगळं जमून जातं. अडतं ते एकाच प्रश्नावर: बैल ओढायला पिवळी बीओ मोटर (खेळण्यांत असते ती बॅटरीवरची छोटी गिअरवाली मोटर) घ्यावी की नेमा 17 स्टेपर (मोजून एकेक पाऊल, म्हणजे स्टेप, फिरणारी मोटर)? मी दोन्हीवर पट केला आहे, म्हणून लिहितो.

बीओ मोटरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एक स्टेपर आणि तिला वीज देणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, यांच्या पैशात सात-आठ बीओ सहज येतात. बिघडली तर बर्डीच्या बाजारात चक्कर मारून दुसरी आणता येते. मोटरींना हुकूम देणाऱ्या आर्डुइनो बोर्डाचा प्रोग्रामही पोरखेळ: एक गुण मिळाला की मोटर ठरावीक मिलिसेकंद चालू, मग बंद. एका दुपारी बैल पळायला लागतात. वजन कमी, आवाज कमी, आणि शाळेतल्या मुलाला सोबत घेऊन करायचं असेल तर याहून सोपं काही नाही.

पण माझा निर्णय झाला तो एका गोष्टीवर. दोन बीओ मोटरी सारख्या पळत नाहीत. एकाच डब्यातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या असल्या तरी नाही. आत प्लास्टिकचे गिअर, एकाचं घर्षण कमी, दुसऱ्याचं जास्त, बैल ओढणाऱ्या दोऱ्याचा ताण प्रत्येक पट्ट्यावर, म्हणजे प्रत्येक बैलाच्या धावेवर, वेगळा. प्रत्येक गुणामागे चार-पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी तीस गुणांच्या शर्यतीत तो बारा-पंधरा सेंटिमीटर होतो. माझ्या पटात तिसऱ्या पट्ट्यावरचा तांबडा बैल सारखा पुढे जायचा. पोट्ट्यांना पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवणं) कळत नाही, पण कोणता बैल जिंकतो ते त्यांना लगेच कळतं. तिसऱ्या पट्ट्यामागे रांग लागली, बाकी पट्टे ओस. आणि एक लहानगा, हातात स्वतःचा सजवलेला बैल, सगळे चेंडू मोठ्या गुणांच्या भोकात टाकूनही हरला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, ते मला सहन झालं नाही. खेळ गमतीचा असला तरी चेंडू टाकणाऱ्याच्या हाताला न्याय मिळायलाच हवा.

यावर उपाय नाहीत असं नाही. प्रत्येक मोटरला वेगळा पीडब्ल्यूएम आकडा देऊन वेग जुळवता येतो, मीही जुळवले. सकाळी जुळलेले बैल संध्याकाळपर्यंत पुन्हा फाकले. बॅटरी उतरते, मोटर गरम होते, पावसाळी हवेत सुती दोरा ओला होतो. त्यात बीओला लावलेला एल298 ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन टाकतो. चाकाला खाचांची चकती आणि सेन्सर लावून फेरे मोजता येतात, ते नक्कीच चालेल. पण तेवढी वायरिंग करायचीच असेल तर मग स्टेपर का नको, असं मला वाटतं.

स्टेपरमध्ये हा वादच उरत नाही. 200 स्टेपना एक फेरा. वीस दात्यांची पुली आणि जीटी2 हा दातेरी बेल्ट लावला की एका फेऱ्याला बैल बरोबर 40 मिलिमीटर सरकतो. एक गुण म्हणजे एक फेरा, तीन गुण म्हणजे तीन. सव्वा मीटरच्या पट्ट्यावर तीस गुणांची शर्यत आरामात बसते. चारही बैलांना हाच हिशेब, सकाळीही आणि रात्रीही.

त्रास स्टेपरचेही आहेत. ए4988 या स्वस्त ड्रायव्हरवर मोटर किरकिरते. करंटचा स्क्रू नीट बसवला नाही तर एकतर मोटर तापते, नाहीतर स्टेप चुकवते. थांबलेल्या अवस्थेतही ती करंट ओढत राहते, म्हणून पट्टा सपाट असेल तर बैल थांबल्यावर इनेबल पिनवरून (ड्रायव्हर चालू-बंद करणारी पिन) ड्रायव्हर बंद करावा. उनो या आर्डुइनो बोर्डावर अ‍ॅक्सेलस्टेपर ही स्टेपर चालवायची तयार लायब्ररी वापरून चार मोटरी एकदम पळवायच्या तर वेग आवरता ठेवा. माझ्याकडे सेकंदाला पाच-सहाशे स्टेपला सगळं सुरळीत चालतं, आणि बैल धावल्यासारखा दिसायला तेवढं पुरतं. स्वस्तातली 28बीवायजे-48 स्टेपरही आहे, न्यायी तीही आहे. पण तिच्यावर बैल इतका सावकाश जातो की ओरडायला कुणी उभं राहत नाही.

चेंडू ओळखायला मात्र दोन्हीकडे लिव्हरवाला मायक्रोस्विचच (चेंडूच्या धक्क्याने दबणारं छोटं बटण) लावा. साधा आयआर (अदृश्य प्रकाशावर चालणारा) सेन्सर मंडपात ऊन आलं की मनाने गुण देऊ लागतो.

घरच्या घरी, दोन पट्ट्यांचा, एका दिवसापुरता खेळ असेल तर बीओ घ्या, काही बिघडत नाही. कॉलनीतली पोरं बोजारा (तान्ह्या पोळ्याला मिळालेले पैसे) खर्चून खेळणार असतील तर मी स्टेपरच घेईन. उनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड नावाच्या जोडबोर्डात चार ड्रायव्हरांच्या जागा असतात, म्हणजे चार पट्टे एकाच बोर्डावर होतात. चौथ्या जागेला 12 आणि 13 नंबरच्या पिना मिळायला दोन जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) बसवावे लागतात, ते विसरू नका. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जागीच जातो. प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला एक लिमिट स्विच (बैल आरंभरेषेवर आला की दबणारं बटण) ठेवा, म्हणजे बेल्ट कुठे अडकून एखादी स्टेप चुकली असली तरी पुढच्या शर्यतीला चारही बैल एकाच रेषेवर येऊन उभे राहतात.