‘लाल’ ल्युपिनच्या बियांचे पाकीट: चार वर्षांनंतरचा अभिप्राय

इंग्लंडमधील यॉर्कजवळच्या आमच्या घरामागील बागेसाठी 2021 च्या वसंतात मी ल्युपिन या उभ्या तुऱ्यांच्या फुलझाडाच्या ‘माय कॅसल’ या विटकरी लाल वाणाच्या बियांचे पाकीट घेतले. दुकानाचे नाव देत नाही, कारण तक्रार बियांबद्दल फारशी नाही, पाकिटावरील मजकुराबद्दल आहे.

उगवण उत्तम झाली. बियांचे कवच टणक असल्यामुळे त्या मटकीसारख्या रात्रभर भिजत घातल्या आणि वीसपैकी सतरा रुजल्या. उघडलेल्या पंजासारख्या पानाच्या मध्यभागी पावसाचा एक थेंब पाऱ्यासारखा तोलून राहतो. केवळ तेवढ्यासाठी हे झाड लावावे. पुढच्या जूनमध्ये तागाच्या फुलांसारख्या घडणीच्या फुलांचे भरगच्च तुरे आले. दोन रोपे गुलाबी निघाली, बाकीची विटकरी.

यंदा त्याच वाफ्यात एक तुरा सोडला तर सगळे जांभळे आहेत. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी दोष मातीला दिला. हायड्रेंजिया या फुलझुडपाच्या बाबतीत ते खरे ठरले असते, कारण तिथे आम्ल जमिनीतून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमवर फुलांचा निळेपणा अवलंबून असतो. ल्युपिनचा रंग मात्र माती ठरवत नाही. झाडांनी रंग बदललेलाच नाही, झाडेच बदलली आहेत. बागेतले ल्युपिन साधारण पाच-सहा वर्षे जगते, आमच्या चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत त्याहूनही कमी. लाल रोपे एकेक करून कुजली आणि तडकलेल्या शेंगांतून उडालेल्या बियांची पिल्ले त्यांच्या जागी वाढली. भुंगा फुलावर बसला की त्याच्या वजनाने खालच्या पाकळ्या दबतात आणि टोकातून केशरी परागाची बारीक वळी बाहेर येते. तोच पराग तो आळीभरच्या ल्युपिनांमध्ये फिरवतो. अशा संकरातून उत्तर अमेरिकेतील मूळ जातीचा निळा-जांभळा रंग पुन्हा वर येतो. याच यॉर्कमध्ये जॉर्ज रसेल या माळ्याने 1911 पासून नको ती रोपे निष्ठुरपणे उपटत जे बहुरंगी वाण घडवले आणि 1937 मध्ये लोकांपुढे मांडले, ते अशी निवड थांबताच हळूहळू विसकटू लागते.

फुलाचा खरोखर रंग बदलणारी ल्युपिनेही आहेत. टेक्सासच्या ब्लूबॉनेटच्या वरच्या पाकळीवरील पांढरा ठिपका काही दिवसांत किरमिजी होतो, आणि मधमाश्या पांढरे ठिपके असलेली ताजी फुले पसंत करतात. आमच्या वाफ्यातला प्रकार तो नव्हे.

पाकिटावर मात्र ‘दरवर्षी लालभडक बहर’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. रोपे अल्पायुषी असतात, शेंगा धरण्यापूर्वी तुरे कापावेत आणि ठरावीक रंग टिकवायचा असेल तर वसंतात बुंध्याशी फुटणाऱ्या कोवळ्या कोंबांचे छाट कलम करावे, या तीन ओळींना मागच्या बाजूला भरपूर जागा होती. बियांना पाचपैकी चार गुण देता येतील. या मजकुरामुळे तीनच देतो. हमखास एकच रंग हवा असेल, तर पाकिटाऐवजी छाट कलमाचे रोप घ्यावे. ते महाग पडते, पण आईच्याच रंगाचे निघते.

उरलेल्या लाल रोपाचे कोंब मी एप्रिलमध्ये कुंडीत लावले, त्यातले दोन जगले. जांभळे तुरे शेंगा धरण्याआधी कापले. पांढऱ्या कडांचा एक तेवढा ठेवला आहे, कारण तो पाकिटावरच्या छायाचित्रापेक्षा देखणा आहे.