दुर्बीण घ्यायला जाताना टेप सोबत न्या

मी मानेवाड्यात शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळांचे युनिफॉर्म. आकाशातल्या गोष्टींवर लिहिण्याइतकं माझं शिक्षण नाही. पण गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरात दुर्बिणीच्या नावाखाली माझे २१,९०० रुपये गेले, आणि ज्या माणसाने ते घेतले तो नागपुरात अजूनही हाच धंदा करून राहिला आहे. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

सुरुवात २ एप्रिल २०२२ ची. गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री आठच्या सुमारास गल्लीत एकच ओरडा झाला म्हणून आम्ही गच्चीवर धावलो. आकाशातून जळत्या रेघा एकामागोमाग एक सरकत होत्या, अगदी सावकाश, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा तो भाग होता. माझी ओवी तेव्हा दहा वर्षांची. तिने मला विचारलं, "आई, ते वरून कुठून येत होतं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तिचं वेड सुरू झालं. रमण विज्ञान केंद्राचं तारांगण तिने तीनदा पाहिलं, दर वेळी शेवटचा दिवा लागेपर्यंत खुर्ची सोडली नाही. दुर्बीण घेऊन देईन असा शब्द मी तिला दिला होता आणि शिलाईतून थोडे थोडे पैसे बाजूला काढत होते.

गेल्या वर्षी सगळीकडे ३आय ॲटलस या धूमकेतूची चर्चा होती. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या एका दुर्बिणीने तो टिपला. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला हा तिसराच पाहुणा, आधीचे दोन २०१७ आणि २०१९ चे. ओवीला हे सगळं तोंडपाठ. नोव्हेंबरच्या शेवटी मोबाइलवर एक पोस्टर आलं: "३आय ॲटलस तुमच्या गच्चीवरून पाहा! आधी आकाशदर्शन, मग दुर्बीण बुकिंग." जागा उमरेड रोडवरच्या एका फार्महाउसची. माणशी २०० रुपये. आम्ही दोघी गेलो. ते ४०० मी हिशोबात धरत नाही, कारण त्या रात्री जे दिसलं ते खरं होतं.

कार्यक्रम ठेवणाऱ्या माणसाकडे आठ इंची आरशाची मोठी दुर्बीण होती, गॅसच्या सिलिंडरपेक्षा उंच, लाकडी पाटावर फिरणारी. त्यातून आम्ही शनी पाहिला. गेल्या वर्षी शनीची कडी आपल्याला जवळजवळ आडवी, धारेवरून दिसत होती, त्यामुळे मण्यातून सुई आरपार घातल्यासारखा तो दिसला. ओवी वाकून पाहत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात त्या माणसाच्या पोराने फ्लॅश मारून फोटो काढला. मला त्याचं काही वाटलं नाही. आता माहीत आहे की आकाश पाहणारे लोक रात्री लाल दिवा वापरतात, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो आणि एका फ्लॅशने ते सगळं वाया जातं. जो रोज आकाश पाहतो तो फ्लॅश मारत नाही.

मग बुकिंग सुरू झालं. टेबलावर चकचकीत खोक्यांचे फोटो. "ताई, १९ डिसेंबरला धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येऊन राहिला. त्यानंतर जन्मात दिसणार नाही. माल फक्त बारा आहे." मी विचारलं, यातून असाच शनी दिसेल ना? तो म्हणाला, "याच्यापेक्षा जास्त! हिची पॉवर ५२५ पट आहे, ही मोठी तर २०० वरच चालवतो आम्ही." भाव १८,५०० रुपये. पाच हजार तिथेच पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला भाच्याचं खातं आहे. रांगेत मागे लोक उभे होते, मी बटण दाबलं. त्यातच "ताऱ्याला मुलीचं नाव द्या" म्हणून १,१०० रुपयांचं प्रमाणपत्रही घेतलं, सोनेरी काठाचं. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो नावं विकत नाही, हे मला नंतर समजलं. ओवीने ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलं होतं. तिनेच ते काढलं.

आठ दिवसांनी फोन आला की माल मुंबईत कस्टममध्ये अडकला आहे, २,३०० भरा, बिलातून वजा करू. भरले. वजा काही झाले नाहीत. ८ डिसेंबरला गाडीवर एक पोरगा खोकं घेऊन आला, उरलेले साडेतेरा हजार घेतले, खोकं उघडून दाखवायला थांबला नाही. मी कापड घेताना मीटरभर कापड दोनदा मोजून घेते, पण हे खोकं मी तसंच आत घेतलं.

खोक्यावर लिहिलं होतं ७० मिमी (पुढच्या भिंगाची रुंदी), ७०० मिमी (त्या भिंगाचं नाभीय अंतर), ५२५ पट. स्टँड ॲल्युमिनियमचा, पाय माझ्या बोटाएवढे. हात लावला की चंद्र पाच-सहा सेकंद थरथरत राहायचा. तरी आम्ही १९ तारखेची वाट पाहिली. अमावस्येचा काळोख, पहाटे चारची थंडी, आम्ही मायलेकी शाली गुंडाळून गच्चीवर. धूमकेतू सिंह राशीत आहे हे ओवीने शोधून ठेवलं होतं. मघा तारा सापडला. त्याच्या आजूबाजूला तासभर फिरवून पाहिलं. ५२५ करायला गेलो तर आख्खं काळं, काहीच नाही. सहाला उजाडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "मलाच लावता येत नसेल." हे वाक्य मला अजून सहन होत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात, निवृत्त फिजिक्सचे मास्तर. त्यांनी दुर्बीण पाहिली आणि आधी ओवीला सांगितलं की पोरी, तुझी काही चूक नाही. तो धूमकेतू सगळ्यात जवळ आला तेव्हाही आपल्यापासून सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे सूर्य आपल्यापासून जितका लांब आहे त्याच्या जवळपास पावणेदोन पट. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसणार नव्हता. गावाबाहेरच्या काळ्या आकाशात, मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसला असता, तोही कुठे शोधायचं ते नेमकं माहीत असेल तर. नागपूरच्या दिव्यांत, या नळीतून, कोणालाही दिसला नसता.

मग त्यांनी मला पॉवरचा हिशोब समजावला. ७०० ला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावतो त्या छोट्या भिंगाच्या, मिलीमीटरने भागायचं. २५ चा लावला तर २८ पट, ४ चा लावला तर १७५, त्यावर तिप्पट करणारा बार्लो, म्हणजे एक जोडभिंग, घातला की ५२५. आकडा गणिताने खरा, डोळ्याला खोटा. पुढच्या भिंगाच्या दर मिलीमीटरमागे फार तर दुप्पट, इतकंच मोठं करून उपयोग असतो. ७० मिमीला १४० पट. त्याच्यापुढे चित्र मोठं होत जातं, पण अंधूक आणि लोण्यासारखं पसरट. म्हणजे खोक्यावर पट मोठ्या अक्षरात लिहिले असतील तर तिथेच थांबायचं. दुर्बिणीत पाहायचं ते तोंड किती रुंद आहे. प्रकाश तिथून आत येतो.

"आणि हे तरी ७० आहे का ते पाहू," ते म्हणाले. ही परीक्षा मी नीट लिहिते, कारण ती दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते. दुर्बीण आधी दूरच्या झाडावर किंवा टॉवरवर स्पष्ट लावून घ्यायची, सगळ्यात कमी पॉवरचा, म्हणजे मोठ्या आकड्याचा आयपीस घालून. मग खोलीत अंधार करायचा, डोळा लावतो त्या बाजूने वीतभर अंतरावरून मोबाइलचा टॉर्च आत मारायचा आणि पुढच्या भिंगावर पातळ कागद धरायचा. कागद माझ्याकडे होताच, ब्लाउजचे कटिंग काढायचा बटर पेपर. मी तो भिंगावर ताणून धरला, काकांनी टॉर्च लावला. कागदावर उजेडाचं गोल चकतं उमटलं, कडा अगदी स्वच्छ. पण भिंगाच्या काठापर्यंत ते पोचतच नव्हतं. चारी बाजूंनी काळा पट्टा राहिला होता, बोटभर रुंद. मी पेन्सिलने गोल काढला आणि गळ्यातला टेप लावला. चार सेंटीमीटर आणि दोन रेघा. ४२ मिमी.

पुढचं भिंग काढल्यावर कारण दिसलं. आत काळ्या प्लास्टिकची चकती बसवलेली, मधोमध भोक. भिंग ७० चंच होतं, पण हलकं. काठाकडून येणारा प्रकाश नीट एका जागी जुळत नाही, रंगांच्या झालरी दिसतात. ते लपवायला चकती घालून काठ झाकून टाकतात. बाहेरून मोजाल तर ७० भरतं, प्रकाश मात्र ४२ मधूनच येतो. काकांनी आकडे मांडले: ७० च्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांशाच्या वर उजेड, आणि फार्महाउसवर ज्यातून शनी पाहिला त्या आठ इंची आरशाच्या विसाव्या भागाहूनही कमी. म्हणजे त्याने मला दाखवली एक वस्तू आणि विकली दुसरीच.

खोक्यात आणखी एक गोष्ट होती आणि पैशांपेक्षा तिची मला जास्त भीती वाटते. गडद हिरव्या काचेची बोटभर डबी, वर इंग्रजीत "सन" लिहिलेलं, आयपीसला पिळून लावायची. ओवी त्या रविवारी सूर्यावरचे डाग पाहणार होती. काकांनी ती डबी हातातून काढून घेतली. पुढचं भिंग सगळं ऊन गोळा करून नेमकं त्या काचेजवळ आणतं. काच तापते आणि तडकू शकते, आणि डोळा तेव्हा तिथेच असतो. डोळ्याच्या पडद्याला दुखतही नाही, त्यामुळे जळलं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, बाहेरून लावायचा असतो. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, तेव्हा असल्या डब्या पुन्हा बाजारात येतील. तुमच्या घरी असेल तर आजच फोडून फेका.

मी फोन केला तेव्हा तो गोड बोलला, बदलून देतो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. फार्महाउसच्या मालकाने सांगितलं, एका रात्रीसाठी जागा दिली होती, ओळख नाही. मग मी बिल काढलं. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. बिलावरचा नंबर मी बोट ठेवून मोजला, तो १४ चाच होता. हा नंबर सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही तपासता येतो, पैसे देण्याआधी.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पण तोवर शेवटचे पैसे देऊनही पंधरा दिवस झाले होते, आणि अशा वेळी पहिले काही तासच कामाचे असतात, पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत. साडेतेरा हजार तर मी रोख दिले, त्याचा माग कसा लावणार. ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माझ्याकडे पोस्टर, बिल, खोकं, आतली काळी चकती आणि पेन्सिलचा गोल काढलेला तो बटर पेपर, सगळं एका पिशवीत आहे. त्या रात्री ज्यांनी बुकिंग केलं त्यांनीही काही फेकू नका. बारा जणांचे बारा कागद एकत्र आले तर वजन पडेल.

आणि ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी घाई करू नका. आपल्या जिल्ह्यातलं पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळं आकाश दिव्यांपासून जपलेली जागा, आहे, २०२४ मध्ये जाहीर झालं. पोरांना एकदा तिथल्या काळ्या आकाशाखाली न्या, वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहू द्या. काका म्हणतात, पहिल्या वर्षी चांगला १० बाय ५० चा, म्हणजे दहा पट दाखवणारा आणि ५० मिमी भिंगांचा, बायनॉक्युलर पुरतो. त्यांचा जुना आता आमच्या घरी आहे. जानेवारीत गुरू मध्यरात्री थेट डोक्यावर यायचा. ओवी चटईवर पाठ टेकून, कोपर दोन्ही बाजूंच्या उशांवर ठेवून त्याचे चंद्र मोजायची आणि रोज त्यांच्या जागा बदललेल्या वहीत मांडायची.

मागच्या आठवड्यात पुन्हा पोस्टर आलं आहे. या वेळी काटोल रोड. धूमकेतूच्या जागी गुरू आणि त्याचे चंद्र, नंबर नवा, भाव १९,५००. वर मोठा फोटो आहे, फ्लॅशने पांढरा पडलेला: आठ इंची दुर्बीण आणि तिच्यावर वाकलेली एक मुलगी, डोळा आयपीसला लावून. निळा स्वेटर, कोपराला मी लावलेलं ठिगळ. ती ओवी आहे.