ताण मोजायचा, पण बाहुली बघून की विचारून?

१६ गुणिले २३, कागद न घेता करा. उत्तर जवळ येईपर्यंत तुमच्या डोळ्याची बाहुली मोठी होत जाते आणि ३६८ सांगून टाकलं की पुन्हा मूळ मापावर येते. हेस आणि पोल्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये नेमका हाच गुणाकार लोकांना घालून ते टिपलं होतं. प्रबंधासाठी ‘काम किती अवघड गेलं’ हे मोजायचं असेल, तर एक वाट ही. दुसरी वाट म्हणजे सरळ विचारणं. त्यासाठी ‘नासा-टीएलएक्स’ ही १९८८ ची प्रश्नावली बहुतेक जण वापरतात.

प्रश्नावलीला खर्च नाही. सहा प्रश्नांच्या मोजपट्ट्यांवर खुणा करायच्या, दोन मिनिटांचं काम. पण माणूस काम संपल्यावर आठवून सांगतो, आणि समोर गाइड उभे असले की ‘फार काही अवघड नव्हतं’ असंही सांगतो.

बाहुली सेकंदासेकंदाचा हिशेब देते. कानेमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांच्या १९६६ च्या प्रयोगात लक्षात ठेवायला दर सेकंदाला एक आकडा ऐकवला, तसतशी ती रुंदावत गेली आणि आकडे परत म्हणताना आकसत गेली. कुठली प्रश्नावली हे दाखवेल?

पण इथेच घोळ आहे. उजेडामुळे बाहुली साधारण २ ते ८ मिलिमीटरमध्ये हलते, विचारामुळे जेमतेम अर्धा मिलिमीटर. आमच्या एका चाचणीत अवघड प्रश्नांना बाहुली मस्त मोठी होत होती. दोन दिवस आम्ही खुशीत! मग लक्षात आलं, अवघड प्रश्न लांबलचक होते. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं जास्त, म्हणून पडदाच अंधारा. तेव्हापासून प्रश्न कानानेच देतो, नजर एका फुलीवर ठेवायला सांगतो आणि खोलीतला दिवा बदलत नाही. शिवाय पापण्या मिटतात तेवढी माहिती गळते, आणि दचकलं, आनंद झाला तरी बाहुली मोठी होतेच.

तेव्हा काम अर्ध्या तासाचं, दुकानात किंवा वर्गात चालणारं असेल, तर आय-ट्रॅकरच्या (नजर आणि बाहुली टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) नादी लागू नका, प्रश्नावली घ्या. काम काही सेकंदांचं, पुन्हापुन्हा करून घेता येणारं आणि ताण नेमका कुठल्या क्षणी वाढतो हाच प्रश्न असेल, तर बाहुलीला पर्याय नाही. मात्र एकेका माणसाकडून तीस-चाळीस फेऱ्या करून घ्यायची तयारी ठेवा. एका फेरीच्या आलेखाची रेघ नुसती थरथरते, सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढावी लागते.